‘जरी’ आणा, ‘तरी’ घरी ठेवा: वडगावातील एका इंग्रजी वर्गाविषयी

बेळगावच्या उद्यमबागेतील ज्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून नग (कास्टिंग्ज) करणाऱ्या कारखान्यात, मी डिस्पॅचचे काम पाहते, तिथून गेल्या वर्षी पुण्याच्या एका ग्राहकाला मी एक मेल पाठवला होता. त्यात चार वाक्ये होती: ‘वी सेंट कास्टिंग्ज ऑन मंडे. कोअर वॉज शिफ्टेड. बिकॉज न्यू मोल्डर. वी विल सेंड न्यू लॉट.’ (कोअर म्हणजे नगात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवतात तो भाग, आणि मोल्डर म्हणजे साचे करणारा.) मला त्यात काही चूक दिसली नव्हती. ग्राहकाने मात्र उलट विचारले, की सोमवारी आलेल्या नगांचाच कोअर सरकला आहे, की सोमवारचा माल चांगला असून बिघाड पुढच्या लॉटमध्ये आहे? त्या शंकेपायी माल दोन दिवस त्यांच्या गेटवर अडकून पडला. आमचे साहेब रागावले नाहीत, पण ‘तुम्ही मराठीत सांगता तेव्हा सगळं कळतं, इंग्रजीत सांगता तेव्हा विटा पडल्यासारखं वाटतं,’ असे म्हणाले, आणि ते मला लागले. कारण ते खरे होते. कोणत्या गोष्टीमुळे कोणती गोष्ट झाली, हे माझ्या डोक्यात होते. कागदावर नुसत्या विटाच होत्या.

त्यानंतर मी ज्या वर्गाला गेले त्याविषयी हे लिहीत आहे. वडगावात, मागांची खडखड रात्री आठपर्यंत थांबत नाही अशा एका गल्लीत, एका घराच्या माडीवर हा वर्ग भरतो. वर्गाला नाव नाही आणि पाटीही नाही. मराठी माध्यमाच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या बाई तो घेतात, आणि गल्लीच्या तोंडाशी ‘इंग्लिशच्या बाई’ म्हणून विचारले की कोणीही घर दाखवते. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी सात ते सव्वाआठ. एकूण बारा आठवडे. फी ४,५०० रुपये, दोन हप्त्यांत दिली तरी चालते. आमच्या तुकडीत आम्ही चौदा जण होतो: खानापूर तालुक्यातून येणारी दोन मुले, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी तिघे, एक कन्नड माध्यमातून शिकलेली मुलगी, इंग्रजी माध्यमात शिकलेले दोघे भाऊ, एक दुकानदार आणि माझ्यासारख्या नोकरी करणाऱ्या काही जणी.

वर्गाचा विषय एकच आहे आणि तो बोलण्याचा नसून लिहिण्याचा आहे: छोटी वाक्ये प्रधान आणि गौण अशी एकात बांधून इंग्रजीत मिश्र वाक्य कसे करायचे. ज्यांना मुलाखतीसाठी चार वाक्ये फाडफाड बोलायची आहेत, त्यांनी इथे येऊ नये. बाईही पहिल्याच दिवशी तसे स्पष्ट सांगतात.

पहिल्या दिवशी बाईंनी इंग्रजीचा एक शब्दही फळ्यावर लिहिला नाही, आणि पैसे फुकट गेले असे मला वाटले. त्यांनी प्रत्येकाकडून मराठीत एक वाक्य मागितले, अट एवढीच की त्यात दोन क्रियापदे असावीत. ‘जो लवकर येईल त्याला पुढचा बाक मिळेल,’ ‘जेव्हा लाइट जाते तेव्हा माग थांबतो,’ ‘जरी पाऊस होता तरी बस वेळेवर आली,’ अशी वाक्ये निघत गेली. मग बाईंनी आठवण करून दिली, की प्रधान वाक्य, गौण वाक्य, नामवाक्य, विशेषणवाक्य, क्रियाविशेषणवाक्य हे सगळे आम्ही हायस्कुलात मराठीच्या तासाला घोकलेले आहे. आम्हा मराठी माध्यमवाल्यांना ते धूसर का होईना, आठवत होते. गंमत म्हणजे, इंग्रजी माध्यमात शिकलेले जे दोघे भाऊ आमच्यापेक्षा सफाईने इंग्रजी बोलत होते, त्यांना गौण वाक्य म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते आणि पहिले दोन आठवडे ते आमच्या वह्या पाहत होते. बेळगावात इंग्रजीच्या वर्गात मराठी माध्यमाला असा मान मी प्रथमच पाहिला.

या वर्गाचे सामर्थ्य इथेच आहे. इंग्रजीतील गौण वाक्य ही जणू परग्रहावरची वस्तू आहे अशा थाटात ते शिकवले जात नाही. ते आपल्या घरात आधीपासून आहे, फक्त इंग्रजी घरात त्याची जागा वेगळी आहे, एवढेच दाखवले जाते. आमच्या बहुतेक चुका अज्ञानाच्या नसून मराठीच्या इमानी अनुवादाच्या आहेत, हे बाईंनी एकेक चूक फळ्यावर मांडून पटवले.

‘ऑल्दो’ घ्या. ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट द बस केम ऑन टाइम’ असे आमच्यापैकी अकरा जणांनी लिहिले. मराठीत जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा, जिथे-तिथे अशी जोडी लागते. इंग्रजीत दोन वाक्ये जोडायला एकच जोडशब्द पुरतो, आणि तो गौण वाक्याच्या तोंडाशी बसतो. बाई म्हणाल्या, ‘जरी आणा, तरी घरी ठेवा.’ हे वाक्य आम्ही पुढे वर्ग संपेपर्यंत एकमेकांना ऐकवत होतो. पण त्याच्या पुढचा मुद्दा मला अधिक मोलाचा वाटला. बोलताना आपण जोडीतला एक शब्द गाळतोच, मात्र गाळतो तो पहिला. ‘पाऊस आला तर येणार नाही’ यात ‘जर’ गळाला आहे. ‘पाऊस आला तरी येईन’ यात ‘जरी’ गळाला आहे. मराठी माणूस जोडीतला दुसरा शब्द राखतो आणि इंग्रजी पहिला राखते. त्यामुळे आपला हात सवयीने ‘देन’ आणि ‘बट’कडे जातो, आणि कधी कधी ‘इफ’च विसरतो. वीस वर्षे इंग्रजी लिहूनही मला हे कोणी सांगितले नव्हते.

पडताळ्यासाठी बाईंनी दिलेली युक्ती साधी आहे: क्रियापदे मोजा. काळ दाखवणारी क्रियापदे तीन असतील तर जोडशब्द दोन हवेत. एक असेल तर काहीतरी सुटले आहे, तीन असतील तर काहीतरी जास्त झाले आहे. ‘टू सेंड’ किंवा नुसते ‘सेंडिंग’ यांना काळ नसतो म्हणून ते मोजायचे नाहीत. माझ्या जुन्या मेलमधील ‘बिकॉज न्यू मोल्डर’ला हा हिशेब लावला तर जोडशब्द एक आणि क्रियापद शून्य. तो मेल मी त्या दिवशी घरी जाऊन पुन्हा उघडला आणि लगेच बंद केला. मराठीत ‘कारण मोल्डर नवा’ एवढे स्वतंत्रपणे लिहून पूर्णविराम देता येतो, कारण ते मागच्या वाक्याला टेकून उभे राहते. इंग्रजी लेखी भाषेत ‘बिकॉज’ने सुरू होणारा एकटा तुकडा अर्धवट मानतात, त्याला आपले प्रधान वाक्य त्याच पूर्णविरामाच्या आत लागते. मोजणीचा नियम सगळीकडे टिकत नाही, हेही सांगायला हवे. ‘द लॉट वी सेंट’ असे ‘दॅट’ गाळून लिहिले तरी इंग्रजीत चालते, आणि मग हिशेब चुकतो. बाईंचे उत्तर असे, की तीन महिने काहीही गाळायचे नाही, नंतर हवे ते गाळा. शिकवण्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे. वाचताना मात्र घोटाळा होतो, आणि त्यासाठी एक तास राखून ठेवायला हवा होता.

विशेषणवाक्यांचा तास माडीवर न होता खाली अंगणात झाला. बाईंनी आम्हाला पुठ्ठ्याच्या पाट्या दिल्या, एकीवर ‘द बस’, एकीवर ‘दॅट’, पुढे ‘गोज टू खानापूर’ आणि शेवटी ‘इज लेट’. मराठीत आम्ही ‘खानापूरला जाणारी बस’ म्हणतो, म्हणजे बसचे वर्णन बसच्या आधी उभे राहते. खानापूरचा मुलगा ‘गोज टू खानापूर’ची पाटी घेऊन सवयीने ‘द बस’च्या पुढे येऊन उभा राहिला. बाईंनी त्याचा हात धरून त्याला ‘द बस’च्या मागे नेले आणि ‘दॅट’ला दोघांच्या मध्ये घातले. ‘इज लेट’ धरून मी सगळ्यांत शेवटी उभी होते, आणि ‘द बस’पासून इतकी दूर गेले होते की मी तिचेच क्रियापद आहे यावर माझा विश्वास बसेना. तेवढ्यात दुकानदार काका ‘इट’ची पाटी घेऊन माझ्या शेजारी आले. ‘द बस दॅट गोज टू खानापूर, इट इज लेट.’ सगळे हसले, पण मराठीतली ‘जी बस खानापूरला जाते ती’ मधली ‘ती’ कुठून आत शिरते ते डोळ्यांना दिसले. ‘द कास्टिंग्ज दॅट वी सेंट देम’ हे मी किती वेळा लिहिले असेल, याची गणती नाही. त्यातला ‘देम’ म्हणजे हीच ‘ती’.

नामवाक्यांच्या आठवड्यात बेळगावच्या बोलीची परीक्षा झाली. आपल्याकडे ‘तो उद्या येतो म्हणून सांगितला’ असे सर्रास म्हणतात. पुण्या-मुंबईचे पाहुणे त्याला हसतात, आणि शाळेत आम्हाला ‘त्याने सांगितले की...’ असे सुधारून लिहायला लावत. बाईंनी कन्नड माध्यमाच्या मुलीला तेच वाक्य कन्नडमध्ये सांगायला लावले: ‘नाळे बर्तेने अंत हेळिद.’ आमचा ‘म्हणून’ आणि तिचा ‘अंत’ एकाच ठिकाणी, म्हणजे बोललेल्या वाक्याच्या शेपटीला बसतात. पुस्तकी मराठीचा ‘की’ आणि इंग्रजीचा ‘दॅट’ त्या वाक्याच्या तोंडाशी बसतात. आपली बोली अशुद्ध नसून शेजाऱ्याच्या वळणाची आहे, हे बाईंनी एका ओळीत सांगितले आणि त्या पुढे गेल्या. दोन भाषांच्या सीमेवर इंग्रजी शिकवणाऱ्याला एवढे तरी ठाऊक असावे. याआधी मी ज्या वर्गाला पैसे भरले होते तिथे ते नव्हते.

त्याच आठवड्यात ‘आय डोन्ट नो व्हेअर इज द लॉट’ हे माझे पेटंट वाक्यही निघाले. मराठीत ‘लॉट कुठे आहे?’ हा प्रश्न आणि ‘लॉट कुठे आहे ते मला ठाऊक नाही’ यांतील शब्दक्रम सारखाच असतो. इंग्रजीत प्रश्न विचारताना क्रियापद कर्त्याच्या आधी उडी मारते आणि नामवाक्यात ते मुकाट्याने आपल्या जागी परतते: ‘व्हेअर द लॉट इज.’ शिवाय ‘मी उद्या येतो’ हे मराठीत ‘की’नंतर जसेच्या तसे ठेवता येते, पण ‘ही सेड’नंतर ते ‘दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे’ असे होते. म्हणजे ‘मी’, ‘उद्या’ आणि काळ, तिन्ही हलतात. हे प्रकरण बाईंनी घाईत उरकले. तीन तासांचे काम एका तासात झाले, आणि आजही मी अशा वाक्यांपाशी अडखळते.

क्रियाविशेषणवाक्यांत मला सर्वांत जास्त मिळाले, कदाचित माझे निम्मे काम ‘झाल्यावर’ आणि ‘तोपर्यंत’ यांवर चालते म्हणून. ‘व्हेन द लॉट विल बी रेडी, वी विल इन्फॉर्म यू’ हे आमच्या ऑफिसचे ब्रीदवाक्य म्हणायला हरकत नाही. बाईंनी विचारले, ‘लॉट तयार झाल्यावर कळवू, यातल्या झाल्यावरमध्ये भविष्यकाळ कुठं आहे, दाखवा.’ कोणालाच दाखवता येईना. मग इंग्रजीतच ‘विल’ कशासाठी, असा त्यांचा प्रश्न. काळाचे गौण वाक्य इंग्रजीत साध्या वर्तमानकाळात राहते: ‘व्हेन द लॉट इज रेडी.’ इथे मराठीवर विश्वास ठेवला असता तर चूक झालीच नसती. ‘अंटिल’च्या बाबतीत मात्र मराठी दगा देते. ‘पेमेंट येत नाही तोपर्यंत माल सुटणार नाही’ यात दोन ‘नाही’ आहेत. इंग्रजीत ‘अंटिल’च्या वाक्यात ‘नॉट’ आला की अर्थच बिघडतो, तिथे ‘अंटिल पेमेंट इज रिसीव्ड’ एवढेच लागते. आमच्या जुन्या फायलीत ‘अंटिल पेमेंट इज नॉट रिसीव्ड’ असे लिहिलेली पत्रे निघाली. ग्राहक समजूतदार होते, एवढेच म्हणायचे.

आता तक्रारी. सर्वांत मोठी तक्रार स्वल्पविरामाची. गौण वाक्य आधी आले तर त्यानंतर स्वल्पविराम द्यायचा, हे सांगून बाईंनी तो विषय वीस मिनिटांत संपवला. विशेषणवाक्याभोवतीच्या स्वल्पविरामांना त्यातली पाच मिनिटे मिळाली, आणि उदाहरण आले ते बेळगावचेच: १ नोव्हेंबर २०१४ पासून ज्याचे अधिकृत नाव बेळगावी झाले ते शहर. शहर एकच आहे, ‘ज्याचे’ वाक्य काढले तरी कोणते शहर हा प्रश्न उरत नाही, म्हणून इंग्रजीत त्या वाक्याच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम. उदाहरण उत्तम होते. पण याच नियमाने पैशांचा फरक पडतो, हे सांगायचे राहून गेले. त्याच आठवड्यात मी दोनशे नगांच्या एका लॉटविषयी ‘द कास्टिंग्ज, विच हॅव ब्लोहोल्स, विल बी रिप्लेस्ड’ असा मेल तयार केला. ब्लोहोल, म्हणजे ओतताना वायू अडकून पडलेली छिद्रे, बारा नगांना होते. ‘विच’ आला की स्वल्पविराम, असे माझ्या डोक्यात बसले होते. साहेबांनी पाठवण्याआधी वाचला म्हणून बरे. स्वल्पविराम दिले की सगळ्याच कास्टिंग्जना ब्लोहोल आहेत आणि सगळीच बदलून मिळतील असा अर्थ होतो, ते काढले की ज्यांना आहेत तेवढीच. दोन स्वल्पविराम पडले की एकशे अठ्ठ्याऐंशी नग वाढतात. मराठीत आपण तो फरक ‘ज्या कास्टिंग्जना... त्या’ असे म्हणून शब्दांनी करतो, चिन्हांनी करत नाही. म्हणूनच या विषयाला किमान दोन तास हवेत.

दुसरी तक्रार सरावाची. पहिले आठ आठवडे सगळा सराव बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेच्या धर्तीचा होता: दिलेली दोन वाक्ये ‘ऑल्दो’ने जोडा, केवल वाक्याचे मिश्र वाक्य करा, संयुक्ताचे मिश्र करा. त्यात हात बसतो हे खरे, पण जोडशब्द कोणता वापरायचा हे कोणीतरी आधीच ठरवून दिलेले असते, आणि खरे काम तर तेच ठरवण्याचे आहे. स्वतःच्या मनाने परिच्छेद लिहिणे नवव्या आठवड्यात सुरू झाले. त्याचा दुष्परिणाम असा, की मधल्या काळात आम्हाला लांब वाक्यांचा सोस लागला. खानापूरच्या मुलाने एका दमात पाच जोडशब्दांचे वाक्य लिहिले आणि बाईंनी ते कौतुकाने फळ्यावर उतरवले. तसली वाक्ये लिहून मी ऑफिसात एकदा हसे करून घेतले आहे.

नोट्स झेरॉक्सच्या असून काही पाने पुसट आहेत, आणि एका पानावर ‘विच’चे स्पेलिंग हडळीचे पडले आहे. माडीवरचा पंखा आवाज करतो, खालून मागांचा आवाज येतो. शेवटच्या बाकावर बसणाऱ्याला निम्मे ऐकू येत नाही. सव्वाआठला सुटल्यावर खानापूरच्या मुलांची बससाठी तारांबळ उडते, म्हणून शेवटची दहा मिनिटे कोणाचेच लक्ष नसते. वर्ग साडेसहाला सुरू करावा असे आम्ही सुचवले, पण तेव्हा शाळेची मुले असतात.

या तक्रारी असूनही पैसे वसूल झाले असे मी म्हणते, ते दहाव्या आठवड्यातील एका तासासाठी. त्या दिवशी बाईंनी फळ्यावर दोन मराठी वाक्ये लिहिली: ‘माल उशिरा आला तरी चांगला आला’ आणि ‘माल चांगला आला तरी उशिरा आला.’ पहिले वाक्य लिहिणारा ग्राहक पुन्हा ऑर्डर देईल, दुसरे लिहिणारा देणार नाही. माहिती तीच, जोडशब्द तोच. फक्त कोणती गोष्ट गौण केली ते बदलले. इंग्रजीतही ‘ऑल्दो’ ज्या बाजूला लावाल ती बाजू लहान होते. व्याकरणात ‘गौण’ हा शब्द का आहे, हे मला चाळिशीत त्या दिवशी कळले.

मग मी पिशवीतून माझा जुना चार ओळींचा मेल काढून बाईंना दाखवला. त्यांनी त्यात एकही खूण केली नाही. ‘यातली बातमी कोणती?’ एवढेच विचारले. मी म्हटले, कोअर सरकला ही. ‘ती तुमची बातमी. त्यांना काय हवं आहे?’ त्यांना नवा माल कधी मिळेल ते हवे होते. म्हणजे प्रधान वाक्य नव्या लॉटचे, कोअरचे कारण ‘बिकॉज’च्या गौण वाक्यात, आणि सोमवार ‘दॅट’च्या विशेषणवाक्यात: ‘वी विल सेंड अ न्यू लॉट ऑन थर्सडे बिकॉज द कास्टिंग्ज दॅट वी सेंट ऑन मंडे हॅड अ शिफ्टेड कोअर.’ क्रियापदे तीन, जोडशब्द दोन. नव्या मोल्डरला त्यात कुठेच जागा उरली नाही, आणि ग्राहकाला त्याच्याशी काही कर्तव्यही नव्हते.

पुढची तुकडी दिवाळीनंतर बसणार आहे. बाई फोनवर नाव लिहून घेत नाहीत, प्रत्यक्ष जावे लागते, आणि चौदाच्या वर एकालाही घेत नाहीत. पुढच्या दोन बाकांवरची जागा मिळेल तरच जावे. आणि स्वल्पविरामाचा तास पहिल्याच आठवड्यात मागून घ्यावा, मागितला तर बाई घेतात असे नंतर एका जुन्या विद्यार्थिनीकडून कळले.